माझा मेहुणा आणि सैल हातांची जोडी

लाजेने मान खाली घालायला लावणारा एखादा नातेवाईक प्रत्येकाला असतोच, पण ते काम माझ्या मेहुण्याइतक्या निर्मळ मनाने साऱ्या रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलं नसेल. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि आता भिवपुरीला एकटा राहून दिवसभर गणितं करत बसतो. चार्म आणि स्ट्रेंज नावाच्या क्वार्कांचे, म्हणजे पदार्थाच्या अगदी बारीक घटकांचे, बनलेले काही चमत्कारिक कण असतात म्हणे. दुसरे जड कण फुटले की ते क्षणभर दिसतात आणि नाहीसे होतात. असा कण एकजीव आहे, की दोन वेगळे कण सैल हाताने एकमेकांना धरून उभे आहेत, एवढाच याचा प्रश्न; तो स्वतः जोडीच्या बाजूचा. पण हा प्रश्न तो घरी ठेवून येत नाही, हे आमचं दुखणं. कर्जतच्या बाजारात एकदा जुळं केळं हातात घेऊन तो किती तरी वेळ उभा होता. हे एक आहे की दोन, हे त्याला ठरवायचं होतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि मी आमची ओळख नसल्यासारखा कोथिंबीर निवडत होतो. शेवटी केळीवाली म्हणाली, "दोन हायत रं बाबा, पन एकाचंच पैसं दे आन् जा." हा खूश. मला म्हणाला, "भावोजी, बाईंचं मत माझ्याच बाजूचं आहे."

खालापूरला माझ्या चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं, तिथे कुणीतरी हौसेने याला नाव सुचवायला सांगितलं. नाव राहिलं बाजूला, काही कण जन्मल्या जन्मल्या इतक्या लवकर फुटतात की त्यांना नाव द्यायलाही सवड मिळत नाही, हे याने पाळण्यापाशी उभं राहून सांगितलं. बाळाच्या आजीने उठून बाळाला आणखी एक तीट लावली. माझी बायको घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जणू तो माझाच भाऊ होता.

पण त्याला टाळायची सोय नव्हती. माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामाने, आणि मामा हा एवढा एकच. स्थळ मोहोपाड्याचं होतं, मुलगा गुणी. त्याचे वडील वरच्या मजल्यावर आणि आई खालच्या मजल्यावर राहते, दोघांत बोलणं नाही, जेवणाचं ताट जिन्यात ठेवलं जातं, हे आम्हाला ठाऊक होतं. ते बोलायचं नाही हेही ठाऊक होतं. मामाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. साखरपुड्याला दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला, तसा तो उठला. समोर मुलाचे आईवडील मध्ये एक खुर्ची सोडून बसलेले. "आता हे दोघं बघा," मामा प्रेमाने म्हणाला, "मध्ये अंतर आहे, पण जोडी आहे. माझे कण असेच असतात. दोघांना सुटं व्हायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्यांच्याकडे नसतेच. म्हणून ती जोडी तशी मोडत नाही." मुलाचे वडील उठून बाहेर गेले. लग्न मोडतंय या धास्तीने माझी बायको विहिणीसमोर हात जोडून म्हणाली, "मनावर घेऊ नका. आमचा दादा लहानपणापासून जरा असाच आहे, अर्धवट." मीही मान हलवली. मामा सरबताचा पेला घेऊन आमच्या मागेच उभा होता.

आठवडाभर आम्ही फोनकडे बघत काढला. मग विहिणीचाच फोन आला. "मामा बोलले ते खोटं नाय," ती म्हणाली. "आमचे हे त्या दिसापासून खाली जेवाय येतात. बोलत नाय फारसं, पन येतात. मामांना म्हनावं, पुढचं पन सांगा." मी लगेच भिवपुरी गाठली. मामाने ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाला आणि मुहूर्ताची वेळ विचारली. चहा घेताना पाऊसपाण्याबद्दल बोलला. त्याच्या तोंडून पाऊसपाणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

लग्नात तो इस्त्रीचा सदरा घालून आला, मुलीला धरून बोहल्यावर घेऊन आला, सगळ्यांना नमस्कार केले, आणि दिवसभर एक शब्द वावगा बोलला नाही. ज्याने त्याने येऊन सांगितलं, मामा सुधारले. मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. पंगतीत विहीण मुद्दाम त्याच्यासमोर आली. तिच्यामागे तिचे यजमान जिलबीचं ताट घेऊन उभे होते. "मामा, ते तुमचं दोघं सुटत नायत ते," ती म्हणाली, "यांना पन एकदा नीट सांगा की." मामाचा चेहरा क्षणभर उजळला. त्याने तोंड उघडलं, आणि मग थांबून वाढायला उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"बोललं तर चालेल का गं?" त्याने तिला विचारलं.

हातातली पळी तशीच धरून ती त्याच्या ताटाकडे बघत उभी राहिली.