हाकणाऱ्याच्या शेजारी

तार इंग्रजीत होती. नानाकाका ती हातात धरून माझ्याकडे आले. "वाच बरं, काय लिवलं हाये?" ढग, डोंगरावर आदळलेलं विमान, आणि कोणीही जिवंत नाही… एवढंच होतं. ते मराठीत सांगायची वेळ माझ्यावर आली. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ विनूदादा, गेला होता. आमच्या सोनाळ्यातून विमानात कॅप्टनच्या शेजारी दुसरा पायलट म्हणून बसलेला तो पहिलाच. विमान चालवायचं शिक्षण पुरं करून आता मलाही त्याच नोकरीवर रुजू व्हायचं आहे.

हुरड्याच्या दिवसांत तो शेवटचा आला, तेव्हा शेतात आगटीपाशी मी त्याला गाठलं. मला ढगांवरच्या गोष्टी हव्या होत्या आणि हा पठ्ठ्या कामं सांगत बसला. कॅप्टनच्या आधी पोच. विमानाभोवती स्वतः फिर. पेट्रोल किती ते काट्यावर सोडू नकोस, टाकीचं झाकण काढून काठी बुडव. वायरलेसवाल्याला, सामान चढवणाऱ्याला नावानं ओळख. "आन् पाहुन्यासारखा खिडकीतून पाहत बसू नको बे!"

"हे तं नव्या सुनेची कामं झाली," मी म्हणालो.

तो खूप हसला. मग म्हणाला, "सुनेले गप राहा लागते. तुले बोलाच लागते."

ही शिकवण त्याला घरातच मिळाली होती. आमच्या शेताच्या वाटेत नाला आहे, आणि पात्रात एक काळा दगड. नानाकाकांच्या दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, हाकणाऱ्याच्या शेजारी जो बसेल, त्यानं पाणी दगडाच्या कुठवर आहे ते मोठ्यानं सांगायचं. हाकणाऱ्यानं 'हाव' म्हटल्याशिवाय बैल पाण्यात घालायचे नाहीत. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरीही नाही, तर बैल थांबवायला सरळ त्याच्या हातातला कासरा ओढायचा. कॉलेजातून सुटीवर आलेल्या विनूदादानं एकदा तो खरंच ओढला होता. नानाकाका मागे बसलेल्या व्याह्यांशी गप्पांत रंगले होते आणि दगड पार बुडाला होता. पाहुण्यांसमोर पोरानं बापाला थांबवलं, हे नानाकाका पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं गावभर सांगत फिरले.

"विमानातही तसंच करतोस?" आगटीपाशी मी त्याला विचारलं होतं.

"सांगतो तं रोजच. पन आमचे एक कॅप्टन हायेत, ते 'हाव' म्हनतच नाहीत…"

"मग कासरा?"

तो कणीस तळहातावर चोळत राहिला. दाणे केव्हाच सुटले होते. "इथं बाप होता रे," तो म्हणाला. "बापाचा कासरा ओढता येते."

त्याचे कपडे घेऊन आलेल्या सोबत्यानं सांगितलं, त्या दिवशी डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत 'हाव' न म्हणणारे तेच होते. तेव्हापासून नानाकाका मला एकच विचारतात. "त्यानं सांगतलं असन ना रे?" सांगितलंच असेल, मी म्हणतो. "मंग काऊन गेला?" त्याचा सगळा उपदेश मला पाठ आहे, आणि त्या उपदेशावरचा माझा विश्वास उडाला आहे.

परवा नानाकाका म्हणाले, शेतात चाल. दमणीत मी विनूदादाच्या जागेवर बसलो. डोंगरात पाऊस झाला होता, नाला गढूळ होऊन वाहत होता.

"नानाकाका, पानी दगडावर गेलं."

ते बोलले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं होतं, हे मला दिसत होतं. तरी बैल पाण्यात उतरले. कासरा माझ्या हाताशी होता, पण पोरगा गेलेल्या त्या माणसाच्या हातातून तो ओढून घेणं… माझा हात उचललाच गेला नाही. पाणी बैलांच्या पोटाला लागलं. दमणी एकदा कलंडता कलंडता राहिली. कसेबसे आम्ही पलीकडे निघालो.

काठावर नानाकाकांनी बैल थांबवले. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "कासरा ओढनं तुह्याच्यानं बी झालं नाही ना?"