काठाचा निळा दोरा

जुन्या गाडीची पारख करायला कुशाबा गवसने कधी बॉनेट उघडलं नाही. बाकीचे लोक इंजिनाचा नंबर बघत, रंगाचे थर नखाने खरवडत, आणि हा सरळ मागच्या सीटखाली हात घालायचा. चामड्याच्या आत कापडाचं अस्तर असतं, त्यावर बोटं फिरवायचा, कोपरा उलटून बघायचा आणि म्हणायचा, "अस्सल हा." नाहीतर काहीच म्हणायचा नाही. तो गप्प राहिला की गिऱ्हाईक मुकाट्याने पुढच्या गाडीकडे वळायचं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा माणूस तरी आपल्याला कळतो, अशी माझी समजूत होती.

तो मूळचा परळच्या एका गिरणीतला विणकर. त्या गिरणीच्या ड्रिल नावाच्या जाड कापडाच्या काठात एक लाल दोरा असे. पहिल्या शेटच्या काळापासूनची ती खूण, लाल दोरा दिसला की माल आमचा. ब्याऐंशी साली संप झाला आणि कुशाबाने जाहीर करून टाकलं की संप जिंकल्याशिवाय गेटातून आत पाऊल टाकणार नाही. संप कसला जिंकतोय! पुढे गिरणीच बंद पडली, तरी याचा हेका कायम. त्या रस्त्याने जाताना हा समोरच्या फुटपाथवरून चालायचा.

शेजारच्या मागावरचा रघुवीर परब त्याचा जिवाभावाचा दोस्त. कामात चालढकल करणारा, पण बोलण्यात असा गोड की समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालून हलवावं आणि त्याला कळूही नये. संप चालू असताना हा रघुवीर भातकापणीला म्हणून गावी गेला तो दिवाळीनंतर आला. येताना कुशाबासाठी उकड्या तांदळाची पिशवी आणली. कुशाबाच्या घरी तेव्हा चुलीचे हाल होते. तो भात त्यांनी सणासारखा खाल्ला, मलाही वाटीभर दिला.

त्याच दिवसांत बातमी फुटली की कुशाबाचा धाकटा भाऊ गुणाजी चोरून कामावर जाऊन आला. गुणाजी आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहायचा. त्याची पोरगी इस्पितळात होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण रघुवीरने चौकात उभं राहून कुशाबाला सुनावलं की भाऊ असला म्हणून काय झालं, असल्याचं तोंड बघू नये. कुशाबाने खरंच बघितलं नाही. पुढे गुणाजी काविळीने गेला, तेव्हाही हा वरच्या गॅलरीत कठडा धरून उभा राहिला, खाली उतरला नाही. मला त्याचा तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

संपानंतर रघुवीरने शिवडीला एका गोदामात गॅरेज काढलं. आधी ट्रक, मग शौकिनांच्या जुन्या गाड्या. कुशाबाला त्याने सीट आणि कापडी टप शिवायला घेतलं. बोटं विणकराची, त्यामुळे कापड किती जुनं, कुठे नंतर ठिगळ लावलंय, हे त्याला हाताला कळायचं. हळूहळू लिलावात बोली लावणारे लोक आधी त्याला विचारू लागले. या सांगण्याचा त्याने कधी मोबदला घेतला नाही. गिरणी गेली, भाऊ गेला, आपला शब्द तेवढा राहिला, असं एकदा मला म्हणाला होता.

आणि अठ्ठ्याण्णव साली जुन्या गाड्यांचा लिलाव भरला तो नेमका त्याच गिरणीच्या आवारात. माग भंगारात गेले होते, आवार प्रदर्शनांना भाड्याने देत होते. रघुवीरची एक ऑस्टिन त्यात होती. गिरणीच्या पहिल्या शेटची गाडी म्हणून त्याने ती आणली होती. तिचं काम चालू असताना कुशाबाला त्याने माटुंग्याला दुसऱ्याच गाडीवर पाठवलं होतं. आता मात्र याचाच शब्द हवा होता. कुशाबाने दोन दिवस विचार केला आणि तयार झाला. ज्या गेटापायी भाऊ तोडला, त्या गेटातून तो दोस्तासाठी आत गेला. सोबतीला म्हणून मला घेतलं.

आत पाटीवर लिलावाचं नाव झळकत होतं, झेंडूची तोरणं होती, थंडगार सरबत होतं. जिथे विणकर घामाने भिजायचे तिथे टायरांना पॉलिश चाललं होतं. माझं डोकं फिरलं, पण सरबत मी घेतलं.

लिलावाकडून गाड्या तपासायला मृणालिनी नावाच्या बाई होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं की इंजिनावरचा नंबर पुन्हा ठोकल्यासारखा वाटतो, दाराच्या आतलं लाकूड नवं आहे, पण दुरुस्तीत असं होऊ शकतं. शेटच्या गाडीला म्हणे गिरणीच्याच कापडाचं अस्तर होतं. ते अस्तर त्या काळातलं ठरलं, तर गाडी शेटची मानता येईल आणि किंमत कुठच्या कुठे जाईल. नाहीतर ती नुसती एक जुनी ऑस्टिन.

कुशाबाने सीटखाली हात घातला. अस्तराचा काठ उलटला. लाल दोरा होता. रघुवीर माझ्याकडे बघून हसला. कुशाबा काठावरून बोट पुढे नेत राहिला आणि एका जागी थांबला. तिथे एक बारीक गाठ होती आणि गाठीच्या पुढे दोरा निळा होता.

तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी खांद्याला धरलं. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"बाई, कापड आमच्याच गिरणीचं आहे," तो म्हणाला. "पण शेटच्या वेळचं नाही, ब्याऐंशीचं आहे. संपाच्या आदल्या पाळीला, अगदी सुटायच्या वेळी, माझ्या मागावर काठाचा दोरा तुटला. लाल हाताशी नव्हता, मी निळा जोडला. उद्या येऊन बदलणार होतो. ही गाठ माझी आहे."

मृणालिनीबाईंनी चष्मा काढला आणि गाडीवरचा शेटच्या नावाचा कागद उतरवून घेतला. मला समजायला अंमळ वेळ लागला. गाठ कुशाबाची, पण पुढचं कापड त्याने विणलेलंच नव्हतं. संपात कोणीतरी आत जाऊन त्याच्या मागावर बसलं होतं. आत गेलेल्यांना मालकाने कापडाचे तुकडे वाटले होते, हे सगळ्या लालबागला ठाऊक होतं. चहाच्या पाण्यात भिजवून, धुरावर धरून रघुवीरने आपल्या वाट्याच्या तुकड्याचं म्हातारं अस्तर केलं होतं.

रघुवीर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सगळी गिरणी उपाशी होती तेव्हा तुला पोटाला मी लावलं रे. विसरलास?"

"ते तांदूळ खयचे होते?" कुशाबाने विचारलं.

रघुवीरने मान फिरवली. याने केसाने गळा कापला होता, आणि कापताना चौकात उभं राहून निष्ठेच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

परत येताना कुशाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. विणताना रघुवीरला निळा दोरा दिसला असणारच. तो काढून लाल लावायचा, एवढंच काम होतं. लावला असता तर आपल्याला जन्मात कळलं नसतं. तेवढंही त्याने केलं नाही. बोलता बोलता तो भर रस्त्यात रडायला लागला. मी त्याला रडू दिलं.

चाळीत आल्यावर तो जिन्याकडे न वळता तळमजल्यावर गुणाजीच्या दारात जाऊन उभा राहिला. गुणाजीची बायको सुभद्रा तांदूळ निवडत होती. इतक्या वर्षांनी थोरला दीर दारात आलेला बघून तिने डोक्यावरून पदर घेतला आणि उभी राहिली.

"सुभद्रा, रघुवीरय आत गेल्लो," कुशाबा म्हणाला.

"माका ठावक होता, भावोजी," ती म्हणाली. "हे आणि तो एकाच ट्रकात बसान गेले."

"मगे सांगूक नाय तां?"

तिने सूप खाली ठेवलं.

"ह्येंनी सांगूक दिल्यानी नाय. म्हणाले, माका दादान तोडल्यान, आता त्येका तो एकच उरलो हा. तो तरी ऱ्हवांदे."