स्वतःच्या चाकांवर चामटोलीपर्यंत

माझ्या वडिलांना तीन मुलं. पहिली गाडी, दुसरी मी, तिसरा माझा भाऊ. हा क्रम मी लावलेला नाही, बाबांच्या वागण्यावरून कोणालाही कळेल.

गाडी ब्रिटिश, दोन सीटांची, स्पोर्ट्‌स कार म्हणवणारी. रंग हिरवा आणि उंची इतकी कमी की सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली की रिक्षावाला वरून खाली बघून विचारतो, "काकू, अंदर घुसे कैसे?" दाराला बाहेरून हँडल नाही, आत हात घालून दोरी ओढायची. काचा खाली-वर होत नाहीत, कारण काचाच नाहीत. वायपर बटण दाबल्यावर एकदा इकडून तिकडे जातो आणि तिथेच विचारात पडतो. ज्या देशात बारा महिने पाऊस म्हणे, तिथल्या माणसांनी असला वायपर का करावा, देव जाणे. पेट्रोलचा पंप मागच्या अंगाला आहे, तो अधूनमधून रुसतो. मग डिकीतून लाटणं काढायचं आणि त्याच्या डोक्यात हलक्या हाताने दोन ठेवून द्यायच्या. लाटणं आईचं. ते स्वयंपाकघरातून कुठे गेलं हे आईला कळलं, तेव्हा "मी त्या बिचाऱ्या भांडीवालीवर आळ घेतला हो!" म्हणून ती बाबांशी कितीतरी दिवस धड बोलली नव्हती.

बाबा अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांना ही गाडी सोबत नेता येईना, ती बाबांनी घेतली. पुढे सीटा फाटल्या तेव्हा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून रेक्झिन आणलं, आणि उरलेल्या कापडात आमचा सोफाही शिवून घेतला. पाहुणे सोफ्यावर टेकले की बाबा म्हणायचे, "चला, तुमचं गाडीत बसून झालं." पाहुण्यांना काही कळायचं नाही, आई कपाळावर हात मारून घ्यायची.

गाडी चालायची त्यापेक्षा उभीच जास्त असायची. पण दोष तिचा नसायचा आणि बाबांचा तर नसायचाच. पेट्रोलमध्ये भेसळ, हवा दमट, रस्ता भिकार, नाहीतर धक्का मारणारे कामचुकार. धक्का मारणारे म्हणजे मी आणि भाऊ. शाळेच्या आधी, गणवेशात, हाताला ग्रीस. वर बाबा आतून ओरडणार, "जेवता की नाही रे दोघं?" मी ते हसण्यावारी नेलं, भावाने नाही नेलं. "माझं चुकलं" हे शब्द गाडीच्या बाबतीत बाबांच्या तोंडून आम्ही दोघांनीही कधी ऐकले नाहीत.

आता बाबा माझ्याकडे, अंबरनाथलाच असतात. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलंय. कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी "आता गाडी बंद" असं सांगितलं, तर त्यांनाच विचारतात, "कुठली, तुमची की माझी?" त्यांची बंद झाली ती झालीच. मग पन्नाशी उलटलेली मी ती शिकले, शेजारी बाबा. साधी गाडी मला उत्तम येते हो, पण हिचा पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडतच नाही. जरा घाई केली की खालून खर्रर्र, आणि शेजारून, "काय दळतेयस? गहू आणलेत का?" एकदा मी सरळ स्टिअरिंग सोडून म्हटलं, "घ्या, तुम्हीच चालवा!" बाबा हळूच म्हणाले, "चालव ग. बरी चालवतेस."

यंदा आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. दिवाळीच्या आत सगळ्यांनी जागा रिकामी करायची, गाड्यांसकट. भाड्याचा फ्लॅट मिळाला, पण खाली स्कूटर लावायचीही मारामार. उल्हासनगरचे एक भंगारवाले शेठ होते, सिंधी, अगदी गोड माणूस. त्यांना कुठून वास लागला कोण जाणे. फोन यायला लागले. "ताई, टेन्शन नको. टेम्पो पाठवतो. काका को बोलो, गाडी अच्छे घर जाएगी."

"अच्छे घर म्हणजे कुठे?"

शेठ प्रामाणिक होते. "भट्टी में," म्हणाले.

हे मी बाबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलंच होतं. रोज संध्याकाळी ते खाली जाऊन गाडीत बसायला लागले. मांडीवर पेपर, तोही वाचता न येणारा. जेवण निम्म्यावर आलं होतं. ही गाडी गेली तर हा माणूस पाठोपाठ जाईल, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा. त्याने मला गप्प केलं नाही, म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं.

उरला माझा भाऊ. बदलापूरच्या पुढे चामटोलीला त्याची शेती आहे, नोकरी सांभाळून भात आणि भाजी करतो. मोठी शेड आहे. मी फोन करून गाडीसाठी जागा मागितली.

"ताई, एकच अट. स्वतःच्या चाकांवर आली तर शेड तिची. टेम्पोत घालून किंवा ओढून आणलीत, तर तिथूनच उल्हासनगरला पाठवीन. मेलेली गाडी मी सांभाळणार नाही. आणि धक्का तर ह्या जन्मात मारणार नाही."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दसऱ्याला निघू. मुहूर्त बघायला नको."

दसऱ्याला सकाळी मी स्टेशनजवळून झेंडूचा चांगला मनगटाएवढा जाड हार आणला. चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. हार मात्र बाबांनी हातातून काढूनच घेतला. गाडीला हार दरवर्षी त्यांचाच. चाचपडत चाचपडत त्यांनी तो पुढच्या जाळीवर लावला, वाऱ्याने उडायला नको म्हणून तारेने जाळीत घट्ट आवळून बसवला. "आणि संध्याकाळपर्यंत काढायचा नाही," असं बजावलं. गाडी इतकी देखणी दिसत होती की वॉचमननेही फोटो काढला.

निघालो. मी चालवतेय, शेजारी बाबा टोपी घालून, मागे स्कूटरवर माझा नवरा. त्याच्या पायाशी पाण्याचे कॅन. तो गाडीत कधीच बसत नाही. म्हणतो, मला गुडघे अजून लागणार आहेत. फॉरेस्ट नाक्यापर्यंत सगळं झकास. पोरं हात करत होती, एक बाई तर बसच्या खिडकीतून गाडीला नमस्कार करून गेली. आणि बघते तर तापमानाचा काटा वर.

"बाबा, गरम होतेय."

"हीटर लाव."

"काय?"

"हीटर! इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. लाव."

ऑक्टोबरची ती हीट, वर भर उन्हात उघडं छप्पर, आणि पायांवर हीटरच्या झळा. माझं डोकं असं तापलं की काट्यालाही लाज वाटावी. तरी बदलापूरच्या अलीकडे वाफ निघालीच. थांबलो, गार होऊ दिलं, पाणी घातलं, निघालो. बदलापूर ओलांडेपर्यंत पुन्हा तेच. एक मोटरसायकलवाला थांबून म्हणाला, "काकू, धक्का देऊ का?" मी असं काही बघितलं त्याच्याकडे की तो पळालाच.

"थर्मोस्टॅट," बाबा म्हणाले. पुढच्या थांब्याला म्हणाले, "वॉटर पंप." मग निदानं संपली. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची कड चोळत होते. चामटोली अगदी हाताशी आली होती आणि पाणी संपलं होतं. नवरा कॅन घेऊन पाणी शोधायला गेला.

मी बॉनेट उघडलं. रागाने वाकून जाळीमागचा रेडिएटर बघितला आणि मग सगळं दिसलं. हाराची फुलं वाऱ्याने आत दाबली जाऊन रेडिएटरवर लगदा होऊन बसली होती. पिवळी, केशरी, शिजलेली. हवा जायला फटच नव्हती. गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. बाबांनी स्वतःच्या हातांनी तिचं नाक दाबलं होतं.

हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. कसं सांगू त्यांना? आयुष्यभर ज्यांनी त्या गाडीला एक चुकीचा नट लावला नाही, त्यांना? मी डिकीतून पक्कड आणली, तार तोडली, लगदा बोटांनी खरवडून काढला. पूजेची फुलं रस्त्यावर कशी टाकायची, म्हणून ती रुमालात बांधून सीटखाली सरकवली.

"काय होतं?" बाबांनी आतून विचारलं.

"पाण्याचा होज ढिला होता. घट्ट केला."

"बरं," म्हणाले.

नवरा पाणी घेऊन आला. ते घातलं, आणि मग गाडी अशी काही पळाली की विचारू नका. काटा खाली, हीटर बंद, दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं भात. मी आनंदाने हॉर्न वाजवला. तोही चक्क वाजला.

भाऊ फाटकात उभा होता, हाताची घडी घालून. मी ऐटीत गाडी आत घेतली आणि म्हटलं, "बघ! स्वतःच्या चाकांवर."

तो गाडीभोवती फिरला. बॉनेटवर पाण्याचे ओघळ वाळलेले. मग स्कूटरकडे बघितलं. "भाऊजींकडचे कॅन रिकामे कसे?"

"वाटेत जरा गरम झाली. धक्का नाही मारला कुठे."

"बाबा, रागावू नका," तो म्हणाला. आवाज खरंच मऊ होता. "पण आज गरम झाली, उद्या बंद पडेल. मग हिला ढकलणारा मीच. माझी हौस लहानपणीच फिटली. मला नाही जमायचं हे."

मी होजचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी आतली दोरी ओढली, दार उघडून सावकाश उतरले आणि गाडीच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले.

"गाडीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "हार मी घातला होता, तारेने बांधून. तिचा श्वास कोंडला त्याने. माझं चुकलं."

आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसत नाही म्हणून वास येत नाही का मला? झेंडू शिजल्याचा वास काय लपतो? आणि तार तुटल्याचा आवाज आला. होजला तार कुठे असते ग?"

भाऊ वळला आणि त्याने शेडचं दार उघडलं. आत सगळं झाडूनपुसून ठेवलेलं होतं, उंबऱ्याशी रांगोळी होती, आणि भिंतीला टेकवून दोन लाकडी ठोकळे, चाकांखाली लावायचे. ते आजचे नव्हते, त्यांचा रंगसुद्धा वाळला होता. "बघता काय," तो माझ्यावर खेकसला, "घे आत! आणि दळू नकोस."

मी गाडी आत घेतली. इंजिन बंद केलं. बाबा चाचपडत पुढे आले, त्यांनी रिकाम्या जाळीवरून हात फिरवला, तिथे तारेचा एक तुकडा अडकला होता तो काढून खिशात घातला.

"पुढच्या दसऱ्याला हार तू घाल," ते मला म्हणाले.

मी नुसती मान हलवली. मग लक्षात आलं, ती त्यांना दिसायची नाही. म्हणून मोठ्याने म्हटलं, "घालीन, बाबा."