एकतिसावा प्रवासी

जहाजावरच्या केबिनमध्ये आमची दोघींची गाठ घालून दिली ती ट्रॅव्हल कंपनीनं. दोघीही एकट्या, दोघीही निवृत्त, तेव्हा एका खोलीत घाला, एवढाच त्यामागचा विचार. आल्या आल्या त्या दुसऱ्या बाईंनी खिडकीजवळचा पलंग मला देऊन टाकला. "मला दाराजवळच बरं पडतं," म्हणाल्या. एकतीस वर्षं त्या बसच्या दाराजवळ उभ्या राहिल्या होत्या.

ओळख करून देताना त्यांनी आपण बस कंडक्टर होतो असं सांगितलं आणि तिथपासून सगळ्या ग्रुपच्या त्या कंडक्टरबाई झाल्या. अंगानं लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, चालणं असं की जहाज कितीही डोललं तरी त्यांना कठडा धरावा लागत नसे. चोविसाव्या वर्षी त्या नोकरीला लागल्या तेव्हा अख्ख्या डेपोत बाई अशी त्या एकट्याच. यजमान त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. "गाडी मी चालवत नव्हते आणि तेही चालवत नव्हते," त्या सांगत, "पण आम्हा दोघांशिवाय ती हलत नव्हती."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी, सामान लावता लावता सांगितली. भर दुपारी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली होती. निघताना त्यांनी दारातून विचारलं, सगळे आले का? गाडी एका सुरात 'आले' म्हणाली. त्यांनी डबल बेल दिली. घाट अर्धा चढून झाल्यावर मागच्या सीटवर एक चार वर्षांचं पोर जागं झालं आणि आई कुठे म्हणून विचारू लागलं. आई पाण्याची बाटली भरायला नळावर गेली होती. गाडी मागे नेली तेव्हा ती बाई रस्त्यानं धावत येत होती, चपला कुठेतरी सुटलेल्या, तळपाय फुटलेले. तिनं पोराला उचललं आणि जागेवर जाऊन बसली. "मला एक शब्द बोलली नाही हो. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते."

त्या दिवसानंतर त्यांनी कधीही 'सगळे आले का' असं विचारलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "जे आलेत तेच 'आलो' म्हणणार. जो आलाच नाही, तो कुठून ओरडणार?" त्याऐवजी त्या शेवटच्या सीटपर्यंत जाऊन प्रत्येक चेहरा पाहून येत. थांब्याआधी इथे कोण होतं, आता कोण आहे. लोक चिडत, ड्रायव्हर हॉर्न वाजवी, पण बेल बाईंच्या हातात होती.

या सहलीला मात्र त्या ठरवून आल्या होत्या की आपण कोणाला मोजायचं नाही. मुलगी फिजिओथेरपिस्ट, आईला उत्तरेकडची हिमनदी एकदा बघायचीच आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं. निघताना तिनं बजावलं, आई, तिकडे जाऊन कंडक्टरकी करू नकोस. "या खेपेला मला कोणीतरी मोजू दे," असं बाईंनी मला हसत सांगितलं होतं.

पण सवय कुठे जाते. दुसऱ्या दिवशी जहाजावर संकटाच्या वेळी कुठे जमायचं याची तालीम झाली, तेव्हा बाईंनी आमच्या टूर लीडरला सांगितलं की दोघं कमी आहेत. त्यानं धावपळ केली, लाउडस्पीकरवर नावं पुकारली गेली. कमी असलेले दोघं, आमचे हार्डवेअरचे दुकानदार आणि त्यांची बायको, पलीकडच्या रांगेत उभे होते. त्यांची जागाच ती होती. सगळ्या जहाजानं आपलं नाव ऐकलं हे हार्डवेअरवाल्यांना फार लागलं. तिथून पुढे जेवणाच्या टेबलाशी बाई दिसल्या की ते म्हणत, "बाई, डबल बेल द्या, म्हणजे आम्ही घास घेतो." टेबल हसे. बाईही हसत. केबिनमध्ये आल्या की मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

आमचा टूर लीडर तिशीतला, कामसू मुलगा. सगळ्यांना काका-काकू म्हणे, सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ. आम्ही एकतीस जण. रोज डोकी मोजताना लोक इकडेतिकडे होतात म्हणून त्यानं जोड्या लावल्या. नवरा-बायको ही जोडी, मी आणि कंडक्टरबाई ही जोडी. गाडीत चढल्यावर तो एवढंच विचारायचा, प्रत्येकाची जोडी आली का? पंधरा जोड्या झाल्या आणि एक गृहस्थ उरले.

ते प्रूफवाले. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं वाचलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं 'हं' एवढंच, पण समोर छापील अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. न्याहारीला लोण्याचं पाकीट दोन्ही बाजूंनी वाचून मगच उघडायचे. लीडरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "काका, तुमची जोडी माझ्याशी."

पाचव्या दिवशी जहाजातून उतरून आम्ही जमिनीवरच्या फेरीला निघालो. आधी रेल्वे, मग जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं तासभर बस. बस दोन होत्या. पुढच्या बसमध्ये जहाजावरचाच दुसरा ग्रुप होता. पाऊस भुरभुरत होता, म्हणून बसवाल्यांनी सगळ्यांना एकसारखे नारिंगी रेनकोट दिले. परतीची रेल्वे साडेतीनला, दिवसातली शेवटची. जहाज सहाला निघून त्याच संध्याकाळी हिमनदीच्या खाडीत शिरणार होतं. ज्यासाठी सगळे आले होते ते तिथे होतं.

बस जिथे थांबल्या तिथे एक मोकळं मैदान, एक लाकडी फलक, झाडीत आत एक लाकडी संडास, आणि बाकी मैलोन्‌मैल काळपट झाडं. नदीपर्यंत पायवाटेनं जाऊन आम्ही परत आलो. सव्वादोनला पुढची बस निघाली. दहा मिनिटांनी आमची. लीडरनं दारातून विचारलं, जोड्या आल्या का? पुढून मागून 'आली, आली' झालं. बस सुटली.

बाई दाराजवळ बसल्या होत्या. दोन-तीन वेळा त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागच्या सीटवर ओल्या रेनकोटांचा ढीग होता. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मान हलवून काही नाही असं सांगितलं. हात मांडीवर घट्ट एकात एक धरलेले. समोर हार्डवेअरवाले बायकोला फोटो दाखवत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. रस्ता वळणं घेत उतरत होता. मग त्या एकदम उठल्या, मागे जाऊन तो ढीग हातानं चाचपला आणि तशाच पुढे आल्या. छत्रीच्या दांड्यानं ड्रायव्हरजवळच्या लोखंडी खांबावर एकदा टक केलं. ड्रायव्हरला आमची भाषा येत नव्हती, पण त्यानं आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि वेग कमी केला.

"प्रूफवाले गाडीत नाहीत," त्या लीडरला म्हणाल्या.

"झालं सुरू," हार्डवेअरवाले म्हणाले. सकाळी प्रूफवाले चुकून पुढच्या बसमध्ये जाऊन बसले होते, याची त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली. आताही तिथेच असतील. सकाळचं ते खरं होतं. मागच्या एका बाईंनी तर आता परत निघतानाही त्यांना त्या बसमध्ये चढताना पाहिल्याचं सांगितलं. कंडक्टरबाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, माणूस पाहिला की रेनकोट? त्या बाईंनी मागच्या सीटवरच्या ढिगाकडे पाहिलं.

फोनला रेंज नव्हती. ड्रायव्हरनं पुढच्या बसला रेडिओवरून हाक दिली, पण मध्ये डोंगर होता आणि नुसती खरखर येत राहिली. तीन-चार वेळा प्रयत्न करून त्यानं लीडरला काहीतरी सांगितलं. लीडरनं ते आम्हाला सांगितलं. बस वळवण्याइतका रुंद रस्ता इथेच, पुढे स्टेशनपर्यंत अशी जागा नाही. परत फिरलो तर रेल्वे मिळणार नाही. रेल्वे गेली तर जहाज गेलं, कारण बसचा रस्ता स्टेशनशी संपतो.

गाडीत कुजबूज वाढली. पुढच्या बसमध्ये ते आरामात बसलेले असले तर? तीस माणसांचं जहाज कोणासाठी सोडायचं? एकाला शंका आली एवढ्यावरून? हार्डवेअरवाल्यांच्या बायकोनं हळूच नवऱ्याचा हात दाबला, पण ते थांबले नाहीत. त्या तालमीची गोष्ट पुन्हा निघाली. मीही मनात घड्याळाचा हिशेब करत होते, हे कबूल करायला हवं.

लीडरनं खालच्या आवाजात विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते मागे राहिलेत हे मला नक्की माहीत नाही. पुढच्या गाडीत आहेत हे तुला आहे का?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"तू सगळ्यांना जोडी विचारलीस. तुझी जोडी कोण रे?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. आपल्या जोडीबद्दल त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं, आणि त्याला विचारणारंही कोणी नव्हतं. त्यानं ड्रायव्हरकडे वळून हातानं मागे असं दाखवलं.

परतीला पंधराएक मिनिटं लागली. काचा धुरकटल्या होत्या. जो तो बाहीनं पुसून बाहेर बघत होता, जणू ते रस्त्यानं धावत येताना दिसतील. दिसलं कोणीच नाही.

मैदानही रिकामं होतं. फलकाजवळ कोणी नाही, पायवाटेवर कोणी नाही. लीडर दाराशी गेला तसा ड्रायव्हरनं हात आडवा धरून त्याला थांबवलं आणि झाडीकडे बोट केलं. लाकडी संडासापासून वीस-पंचवीस पावलांवर एक अस्वलीण बसली होती. शेजारी पिल्लू गवतात तोंड घालून काही उकरत होतं. त्यांना कसलीच घाई नव्हती.

संडासाचं दार बंद होतं. आत कोणी आहे की नाही हे इथून कळायला मार्ग नव्हता. कोणीतरी कुजबुजलं, आणि आत नसले तर? पायवाट जिथे झाडीत शिरत होती तिकडे बघायची मला हिंमत होईना. कंडक्टरबाई दाराचा दांडा धरून उभ्या होत्या.

ड्रायव्हरनं बस संडासाकडच्या गाडीवाटेनं इंच इंच पुढे घेतली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. एकदा, दोनदा. अस्वलीण उठली. बसकडे तोंड करून उभी राहिली. तो वेळ फार मोठा वाटला. मग वळली आणि पिल्लाला पुढे घालून झाडीत गेली. ड्रायव्हर तरीही थांबला. हॉर्न आणखी एकदा. बस संडासाला जवळजवळ टेकवून त्यानं लीडरला मान डोलावली.

लीडरनं हाक मारली. काहीच नाही. दुसऱ्या हाकेला आत कडी सरकल्याचा आवाज झाला आणि प्रूफवाले बाहेर आले. चष्मा हातात होता. हार्डवेअरवाल्यांनीच पुढे होऊन त्यांना बगलेत धरून वर घेतलं आणि स्वतःचा स्वेटर काढून त्यांच्या अंगावर घातला. अस्वल दाराशी येऊन हुंगत होतं, एवढं प्रूफवाल्यांनी सांगितलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "दोन्ही गाड्या गेल्याचा आवाज ऐकला. मग मी ओरडायचं थांबवलं."

निघायच्या आधी लीडरनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ते तुझं काम आहे. तो शेवटच्या सीटपर्यंत गेला आणि एकेका चेहऱ्याकडे बघत पुढे आला. कोणी 'चला' म्हटलं नाही. तीस झाल्यावर तो दाराशी थांबला. "आणि काकू, तुम्ही. एकतीस." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "मी बत्तिसावा."

रेल्वे अर्थातच गेली होती. स्टेशनजवळच्या एका लाकडी खानावळीत दाटीवाटीनं आमची सोय झाली. हिमनदी चुकली ती चुकलीच. दोघा-तिघांनी लीडरकडे तक्रार लिहून दिली. त्यांनाही मी फार दोष देत नाही, आयुष्यात एकदाच येणं होतं. बाईंचंही एकदाच होतं.

त्यांना रडताना मी तिथेच पाहिलं, हात धुण्याच्या बेसिनपाशी. हिमनदीसाठी असेल असं वाटून मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी मान हलवली.

"गाडी सुटली तेव्हाच मला त्यांची जागा रिकामी दिसली होती," त्या म्हणाल्या. "लोक हसतील म्हणून दहा मिनिटं गप्प बसले. ते आत ओरडत होते तेव्हा."

मी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेनं आम्ही बंदर गाठलं आणि तिसऱ्या दिवशी एका छोट्या प्रवासी बोटीतून आम्ही पुढच्या बंदराला, आमच्या जहाजाकडे निघालो. बाई सवयीनं दाराजवळच्या बाकाकडे वळल्या. तिथे प्रूफवाले आधीच बसले होते, मांडीवर बोटीचं वेळापत्रक, अर्धं वाचून झालेलं. खिडकीजवळच्या जागेवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती. त्यांनी ती उचलली आणि 'हं' म्हणाले. बाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग आत सरकून खिडकीपाशी बसल्या.

तासाभरानं फार दूर, दोन डोंगरांच्या फटीत, एक पांढरी रेघ दिसली. हिमनदी होती की नुसतं धुकं, ते बोटीवर कोणालाच सांगता आलं नाही. बाई काचेला कपाळ लावून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.