अठ्ठाविसाव्या दिवसाचा क्यूब

आमच्या लॅबच्या मागे फुटक्या क्यूबांचा, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, ढीग आहे. दर आठवड्याला म्हणतो, उचलून टाकू. दर आठवड्याला तो वाढतोच. किश्श्यांचंही तसंच. मिरजेहून चेन्नईला आले तेव्हा वाटलं होतं, काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये कसले आलेत किस्से! आता फोन केला की आई आधी विचारते, "तुझे ते राव सर काय म्हणतायत?"

राव सर आमचे सीनियर टेक्निशियन, तंजावूरकडचे मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जेवण जालं कां, अम्मा?" परक्या गावात मराठी ऐकून मला रडूच आलं. पुढचं वाक्य निम्मं तमिळ निघालं, मग डोळे आपोआप कोरडे झाले.

तीन वर्षं सर काँक्रीटच्या एकाच मिक्सच्या मागे आहेत. सिमेंट निम्म्याहून कमी, बाकी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून केलेली पूड. असं काँक्रीट खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं आणि सिमेंट वाचतं तेवढा भट्ट्यांचा धूर वाचतो. एका मच्छीमार वस्तीपुढे समुद्राला भिंत बांधायची होती. रिटायर व्हायच्या आत ती आपल्या मिक्सची व्हावी, एवढंच त्यांचं मागणं.

*

भिंतीचं मिक्स मंजूर करणारे हार्बरचे इंजिनिअर पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी एक क्यूब फोडून दाखवला. आतून निळा-हिरवा. स्लॅगचा ताजा क्यूब तसाच दिसतो, हवा लागली की रंग उडतो. साहेब दोन पावलं मागे सरले. "आत शेवाळ धरलंय."

सर म्हणाले, "शेवाळ धरायला पाणी आत जायला पाहिजे. पाणी आत गेलं तर मी उद्यापासून येत नाही."

*

क्यूब किती दाब सोसतो, त्याचा सात दिवसांचा रिझल्ट आला, अठरा. लागणार होते अठ्ठाविसाव्या दिवशी चाळीस. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमचा चेहरा उतरला.

"स्लॅग सावकाश धरतो, मॅडम," सर म्हणाले. "जावई आहे काय, पहिल्या दिवशीच रुबाब दाखवायला?"

मॅडमचा जावई आदल्याच आठवड्यात येऊन गेला होता. त्यांनी रिझल्टचा कागद सरांकडे सरकवला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

*

मुरुगेसन त्या मच्छीमार वस्तीतलाच. क्यूब समुद्राच्या पाण्यात ठेवायचे होते, म्हणून दर आठवड्याला कॅन भरून आणायचा. जुनी भिंत आतल्या सळया मिठाने गंजून पडली, तेव्हापासून लाटा त्याच्या उंबऱ्यापर्यंत येतात.

मीठ किती आत शिरलं, ते मोजायला आमच्याकडे मशीन आहे. मुरुगेसनने जुन्या भिंतीचा तुकडा उचलला, फुटलेल्या बाजूला जीभ लावली आणि थुंकला. मग आमच्या फुटलेल्या क्यूबचा तुकडा आतून चाटला. "याला मीठ नाही."

सर मला म्हणाले, "रिपोर्टात घाल." मॅडम म्हणाल्या, "राव, ही लॅब आहे."

*

आता खरा घोटाळा. क्यूब कधी ओतायचे, ते सरांनी कॅलेंडरवर चांगला दिवस बघून, राहुकाळ टाळून ठरवलं होतं. तिथून अठ्ठावीस दिवस पुढे मोजायचं कुणालाच सुचलं नाही. अठ्ठाविसावा दिवस आला आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला; त्या दिवशी इथे यंत्रं पुजतात, चालवत नाहीत.

सकाळी मॅडमसमोर सरांनी स्वतःच क्यूब दाबून फोडायच्या मशीनला चंदन-कुंकू लावलं, हार घातला. तेवढ्यात इंजिनिअर साहेब सुट्टीच्या दिवशी मुद्दाम हजर. सरांनी हात जोडले. "पूजा जाली. आज यंत्र चालवायचं नाही."

"उद्या फोडलेत तर ते एकोणतीस दिवस," साहेब म्हणाले. "नवे क्यूब ओतलेत तर अजून महिना. पाऊस तोंडावर आलाय. मी साध्या सिमेंटची ऑर्डर काढतो."

सर स्टुलावर बसले. तीन वर्षांची मेहनत त्यांनीच निवडलेल्या मुहूर्ताने घालवली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुरुगेसन दारात उभा होता, दृष्ट काढून फोडायचा कोहळा हातात घेऊन. "सार, हा तरी कधी फोडायचा?"

सरांनी कोहळ्याकडे पाहिलं, मग क्यूबकडे. उठले. क्यूब पुसून कोरडा केला, कडेला कुंकवाचं बोट टेकवलं, मशीनभोवती तीनदा ओवाळला आणि मधोमध ठेवला.

"आज फोडणं पूजेतच आहे," ते म्हणाले. "चप्पल काढा, साहेब."

साहेबांनी बूट काढले. सरांनी मशीन सुरू केलं, दाबाचा आकडा चढू लागला. छत्तीस. अडतीस. सर डोळे मिटून उभे होते, म्हणून मीच मोठ्याने वाचत होते. चाळीस. एकेचाळीस. त्रेचाळीसला क्यूब फुटला. पुढचे दोन्ही क्यूबही चाळीसच्या वरच गेले.

साहेबांनी रिपोर्टावर सही केली आणि पेन हातात धरूनच मॅडमना विचारलं, "रिमार्क्स?"

मॅडमनी समोर बघितलं. मुरुगेसनने कोहळा खाली ठेवला होता. निळा-हिरवा तुकडा उचलून त्याने जीभ लावली, डोळे मिटले आणि मान हलवली.

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "मीठ नाही."