पुन्हा तेच वाजवा

काल मसोली गावातल्या आमच्या घरी पप्पांच्या सॅक्सोफोनची पेटी उघडली. आतल्या मखमलीला अजून मेणाचा वास येतो. तारप्याला, त्या भोपळ्याच्या आदिवासी फुंकवाद्याला, लावायच्या मेणातली एक गोळी तलासरीच्या देवजीकाकांनी पप्पांना दिली होती, २०१६च्या दिवाळीत.

पप्पा उमेदीत मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. त्या दुपारी अंगणात काकांनी गाल फुगवून तारपा सुरू केला आणि पप्पा सॅक्सोफोन घेऊन हळूच त्यात शिरले. कधी हा पुढे, कधी तो. ऐकण्याच्या नादात मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायलाच विसरले.

“पुन्हा तेच वाजवा ना,” मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. “तेच कसं येल, पोरी?” काका म्हणाले. “नाचणाऱ्यांचे पाय बदलतात, तसा तारपा बदलतो.”

“जॅझचंही तेच,” पप्पा म्हणाले.

मग त्यांनी वेगळंच काही वाजवलं. ते मात्र मी नीट रेकॉर्ड केलं.

आता दोघंही नाहीत. काल पेटीपाशी बसून ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. सूर थांबल्यावर पप्पांचा आवाज येतो, “ठेव गं तो फोन. ये, तू फुंकून बघ.”

आणि लगेच माझा, “थांबा ना पप्पा, रेकॉर्डिंग खराब होईल.”