दिव्याकडे पाठ करून
दुकानदाराने दुरुस्त केलेल्या मोबाइलच्या माइकवर फुंकर मारून पाहिली, की मला भावाच्या सुतकातली ती दुपार आठवते. बिरवाडीच्या खोलीत त्याच्यासाठी दहा दिवसांचा दिवा तेवत होता आणि मी त्याच्या मोबाइलवर त्याचाच अर्धवट राहिलेला खेळ खेळत होते. फुंकर मारली की त्यातलं माकड उडी मारायचं. कल्पना छान, पण निम्म्या फुंकरा खेळाला कळायच्याच नाहीत. शेवटच्या पुलावर भाऊ महिनाभर अडकला होता. "फुंकू नको गो, दिवा इझंल," आत्या म्हणाली. "सुतकात खेळतेस, लाज नाय?" "त्याचा पूल राहिलाय, आत्या." मी दिव्याकडे पाठ केली आणि फुंकत राहिले. संध्याकाळी माकड पलीकडे गेलं. खेळाने जिंकणाऱ्याचं नाव विचारलं, मी भावाचं लिहिलं. आत्या आजही चारचौघांत ते बोलून दाखवते, आणि मी आजही माफी मागत नाही.